बाटलीतले निकोटिन : निवड कशाची?

(शाहूपुरी, कोल्हापूर येथील पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाहूपुरी ही मुळात व्यापाराची पेठ. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ती वसविली आणि गुळाच्या व्यापाराने ती नावारूपास आली. पिवळाधमक रंग म्हणजे चांगला गूळ नव्हे, हे येथील व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. हायड्रॉस घालून रंग उजळता येतो आणि अजाण गिऱ्हाईक त्या रंगावर भाळते. जाणता मात्र ढेपेत काय घातले आहे ते आधी विचारतो. आज ज्या मालाचा विचार करावयाचा आहे, त्यालाही हीच पारख लावली पाहिजे. तो माल म्हणजे ई-सिगारेट, तरुणांच्या भाषेत ‘व्हेप’, आणि तीत भरावयाचा निकोटिनचा द्रव.

ज्या तरुणास ही सवय जडली, त्याच्यापुढे ‘घ्यावे की न घ्यावे’ हा प्रश्न उरलेला नसतो. ‘साधे निकोटिन की सॉल्ट? तीन टक्के की पाच?’ एवढीच त्याची निवड असते. ‘वाईट आहे’ असे म्हटल्याने त्याचे समाधान होत नाही. तो ‘का?’ असे विचारतो, आणि त्याला उत्तर देण्यासाठी आईवडिलांना हे प्रकार नीट ठाऊक असावे लागतात.

हे उपकरण आजच्या स्वरूपात २००३ साली होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने घडविले. बॅटरीवर तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि निकोटिन असते. पाने जळत नसल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ टळतात, हे खरे आहे. निकोटिन मात्र टळत नाही.

त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला, साधे म्हणजे मुक्त निकोटिन. ते अल्कधर्मी असल्याने मात्रा वाढली की घशाला झोंबते, ठसका लागतो आणि ओढणारा आपोआप थांबतो. दुसरा प्रकार निकोटिन सॉल्टचा. यात बेंझॉइक आम्लासारखे आम्ल मिसळून तो झोंबरेपणा घालविलेला असतो. २०१५ साली अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ने हा प्रकार घरोघरी पोहोचविला. सॉल्ट ‘सौम्य’ म्हणून विकले जाते, परंतु सौम्य होतो तो केवळ घशाला होणारा स्पर्श. शरीराने दिलेला इशारा तेवढा बंद होतो आणि त्याच आडोशाने कितीतरी अधिक मात्रा आत जाऊ शकते. गुळाच्या उजळ रंगासारखेच हे आहे.

आता टक्क्यांचा हिशेब. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम. दोन मिलिलिटरच्या लहानशा कुपीत १०० मिलिग्रॅम निकोटिन मावते. एक सिगारेट ओढल्यावर शरीरात साधारणतः एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या कुपीचे वजन कळते. युरोपीय संघाने कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम ठरविली, ती उगीच नव्हे.

‘तंबाखूविरहित’ असा शिक्का असलेला आणखी एक प्रकार आहे. त्यातील निकोटिन प्रयोगशाळेत बनते, परंतु ते व्यसन लावण्याचा आपला धर्म सोडत नाही. २०२२ साली अमेरिकेने तेही तंबाखूच्याच कायद्याखाली आणले. निपाणीच्या काळ्या रानातला शेतकरी निकोटिनला वेगळ्या नात्याने ओळखतो. तंबाखूचे झाड कीटकांपासून बचावासाठी ते मुळांत तयार करते, आणि पूर्वापार तंबाखूचा काढा पिकावरील मावा मारण्यासाठी फवारला जात असे. तेच द्रव्य आंब्याच्या नि पुदिन्याच्या स्वादात विद्यार्थ्याच्या हाती येते. माणसाच्या मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, आणि त्या वयात जडलेली सवय अधिक खोल रुजते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडविण्यासाठी व्हेपचा उपयोग सरकारी आरोग्यसेवाच सुचविते. ते खरे आहे, आणि तेथे काहींना त्याचा लाभही झाला आहे. परंतु तो सल्ला मुरलेल्या धूम्रपान करणाऱ्यास आहे, कधीही सिगारेट न ओढलेल्या मुलास नव्हे. शिवाय तेथे मालावर तपासणी आणि मात्रेवर बंधन आहे. तरीही मुलांच्या हाती पडतात म्हणून ब्रिटनने जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या व्हेपवर बंदी घातली.

महाराष्ट्राचे चित्र तर निराळेच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. उरलेला भार मशेरी, मावा, खैनी आणि गुटख्याचा. धुराला पर्याय म्हणून आलेली वस्तू येथे बहुधा नवे गिऱ्हाईकच घडविते.

कायदा स्पष्ट आहे. २०१९ च्या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री वा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे येथे मिळणारी प्रत्येक कुपी चोरट्या वाटेने आलेली असते. तिच्यावरचा ‘तीन टक्के’ हा आकडा कोणी तपासला? आत स्वाद म्हणून काय मिसळले? अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हेपमुळे फुफ्फुसे निकामी होऊन ६८ जण दगावले. त्यांतील बहुतेक प्रकरणांचा संबंध गांजाच्या अर्कात भेसळ केलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलाशी होता. ज्या मालास कोणी जामीन नाही, त्यात ‘हा बरा की तो बरा’ ही निवड नावापुरतीच उरते.

खरी निवड अन्यत्र आहे. ज्यास सोडावयाचे आहे, त्याच्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. निकोटिनची गोळी, म्हणजे गम, आणि पट्टी हे कायदेशीर, मोजून मात्रा देणारे उपाय आहेत; ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. मुलाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखे काही सापडले, तर आरडाओरड करण्याआधी शेजारी बसून विचारपूस करावी. धाक दाखविला तर वस्तू लपते, सवय सुटत नाही.

आणि एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी मनाशी विचारावी. आजीच्या मशेरीची डबी आणि वडिलांच्या खिशातील माव्याची पुडी तशीच राहिली, तर मुलाच्या कुपीविषयी बोलण्याचा अधिकार कितीसा उरतो? २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या संपल्या नाहीत, कारण खाणारे संपले नाहीत. बंदी दुकानाच्या दारापर्यंत पोहोचते. उंबरठ्याच्या आतले काम घरानेच करावयाचे असते, आणि त्याचा आरंभ मोठ्यांनी आपली पुडी खाली ठेवून करावा.