आपल्या बोलीतली फुलराणी

२०१७ साली ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आपल्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात भरलं होतं. जयंत सावरकर त्याचे अध्यक्ष होते. नाटकाचं वेड आपल्याकडे आहेच, तर आज बोलू या जुनं नाटक नव्यानं लिहिण्याबद्दल.

मराठी रंगभूमी यावरच तर वाढली! किर्लोस्करांनी १८८० साली कालिदासाची शकुंतला मराठी पदं गात उभी केली. देवलांचा ‘झुंजारराव’ मुळात शेक्सपिअरचा ऑथेल्लो. पण खरा धडा पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’चा. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली फुलवाली लंडनची गावठी इंग्रजी बोलते. ती भाषांतरात कशी आणणार? पुलंनी शब्द सोडले आणि बोलीवरून माणसाची पायरी ठरवण्याची आपली खोड पकडली. १९७५ साली भक्ती बर्वे यांची फुलवाली मंजुळा मुंबईची झाली.

हीच मंजुळा धाराशिवच्या बाजारात बसवा. ती ‘काय करतेस’ म्हणणार नाही, ‘काय करायलीस’ म्हणेल. आणि तिला प्रमाण भाषा शिकवणारे प्राध्यापक बहुधा पुण्याहून बदलून आलेले असतील!

मात्र लिहायला बसण्याआधी हक्क पाहा. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. शॉ १९५० साली गेले, त्यामुळे ‘पिग्मॅलियन’ मोकळं आहे. पुलं गेले २००० साली. ‘फुलराणी’ला हात लावायचा तर रीतसर परवानगी हवी.