कामातल्या डॉक्टरांसाठी एक नियतकालिक



वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचा पेशा शिक्षकाचा. म्हणून प्रारंभ वर्गापासूनच करतो.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. गणित चालू असता मध्येच त्याची नजर थिजे, पापण्या फडफडत, आणि दहापंधरा सेकंदांनी तो पुन्हा वहीकडे वळे. विचारले तर काही सांगता येत नसे. लक्ष नाही म्हणून आम्ही त्याला बाकावर उभे केले. एकदा नव्हे, कितीदा तरी. पुढे आईने त्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याला तीन मिनिटे जोराने श्वासोच्छ्वास करावयास सांगितला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तसाच झटका आला. तो फेफऱ्याचाच एक प्रकार निघाला. औषधाने मुलगा सुधारला.

श्वासाची ही युक्ती एका डॉक्टराने दुसऱ्यास सांगावयाची. अशा गोष्टी पसरतात कशा, हे कुतूहल आम्हांस तेव्हापासून लागले, आणि त्यातून मेंदूविकारांच्या दोन नियतकालिकांच्या जन्मकथा वाचनात आल्या.

पहिले 'ब्रेन'. इंग्लंडात वेकफील्ड येथील वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख जेम्स क्रिक्टन-ब्राउन यांनी 1871 पासून इस्पितळाचे वैद्यकीय अहवाल काढले. अहवाल म्हटले की आपल्यापुढे खाटांची आणि खर्चाची कोष्टके येतात. यांत मात्र संशोधन होते. डेव्हिड फेरियर यांचे मेंदूवरील प्रयोग 1873 साली यांतच छापले गेले. फेफरे म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून एकाएकी होणारा स्फोट, अशा अर्थाचे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांचे विवेचनही त्याच साली त्यांतच आले. 1876 नंतर अहवाल बंद पडले. मग हे तिघे आणि जॉन बकनिल यांनी 1878 साली 'ब्रेन' सुरू केले. ते आजही चालू आहे.

परंतु संशोधनाचे लेख जसे वाढतात, तसे दिवसभर रुग्ण पाहून थकलेल्या डॉक्टराला ते वाचणे जड जाते. (शिक्षणशास्त्राच्या पत्रिका रात्री उघडून बसणाऱ्या शिक्षकांस हे निराळे सांगावयास नको.) एडिंबरोचे प्राध्यापक चार्ल्स वॉर्लो यांनी 2001 साली 'प्रॅक्टिकल न्यूरॉलॉजी' काढले, ते या डॉक्टरांसाठी. मूळ संशोधन त्यात छापावयाचे नाही. तपासणी कशी करावी, चाचणीचा निष्कर्ष कसा वाचावा, बुचकळ्यात टाकणारा रुग्ण कसा उलगडला, हे सोप्या भाषेत, प्रसंगी विनोदानेही सांगावयाचे. वॉर्लो स्वतः पक्षाघातावरील मोठ्या चाचण्यांत मुरलेले संशोधक. संशोधनाला नाक मुरडणाऱ्याने हा उद्योग केला असता तर तो आम्हांस इतका पटला नसता. ज्याने स्वतः ज्ञानात भर घातली, त्यालाच ते पोहोचत नाही ही खंत वाटावी, यात आमच्या मते खरे शिक्षकपण आहे.

फेफऱ्याच्या निदानात झटका डोळ्यांनी पाहणाऱ्याची साक्ष फार मोलाची असते. तीही डॉक्टराला विचारता यावी लागते, आणि आमच्या मुलाच्या डॉक्टरांना ती विचारता येत होती. त्यांनी आईबरोबर चिठ्ठी पाठविली : "सर, वर्गात हे दिवसातून किती वेळा होते?"

आम्हांस सांगता आले नाही. आम्ही ते कधी मोजलेच नव्हते. दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटाच्या मागच्या पानावर खुणा करू लागलो; पहिल्याच दिवशी दुपारच्या सुट्टीपर्यंत नऊ झाल्या.