माझे पहिले आयकर-विवरणपत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ज्या मंडळात मी लहानपणी आईचा पदर धरून तिळगूळ घ्यायला येत असे, तिथेच आज मला बोलायला उभे केले आहे. विषय असा, की ऐकतानाच जांभई यावी. आयकर! पण ह्याच विषयाने एका रात्री माझी झोप उडवली, आणि त्या जागरणातून आमच्या घरात एक चांगली गोष्ट घडली. तीच हकीकत सांगते. मी करसल्लागार नव्हे. जे सांगणार आहे ते चुकून शिकलेले आहे.

२०२३ साली मी पुण्यात नोकरीला होते. एप्रिल ते ऑगस्ट एका कचेरीत दरमहा ६०,००० रुपये, आणि सप्टेंबर ते मार्च दुसऱ्या कचेरीत दरमहा ७०,००० रुपये. दोन्हीकडे आयकर म्हणून एक पैसाही कापला गेला नाही. त्या वर्षी नव्या पद्धतीत पगारदाराला ५०,००० रुपयांची वजावट होती, आणि त्यानंतरची मिळकत सात लाखांच्या आत असली तर कर लागत नसे. मला वाटले, आपण त्यातल्याच. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण मी अगदी शब्दशः घेतली!

३० जुलै २०२४ च्या रात्री, मुदतीला एकच दिवस उरला असताना, मी विवरणपत्र भरायला बसले. पहिल्याच दारात अडले. माझे पॅन कार्ड मी कॉलेजात असताना बाबांनी काढले होते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आणि आधारलाही मोबाईल क्रमांक बाबांचाच. पासवर्ड मला ठाऊक नाही. नवा करायला गेले तर ओटीपी मिरजेला बाबांच्या फोनवर! मी चोवीस वर्षांची, स्वतः कमावणारी. पण माझ्या मिळकतीची किल्ली दुसऱ्या गावी. बाबा झोपले होते. आईने फोन घेतला आणि चष्मा शोधून एकेक आकडा वाचून दाखवला.

आत गेल्यावर वार्षिक माहितीपत्रक दिसले. त्यात दोन्ही पगार होते, आणि आजीने माझ्या नावावर ठेवलेल्या ठेवीचे ७,००० रुपये व्याजही होते. आजी म्हणायची, “ते व्याज पावतीतच मुरतंय, तू कुठं खर्चतेस?” पण हाती घेतले नाही म्हणून ती मिळकत नव्हे, असे कायदा मानत नाही. बँकेने त्यावर कर कापला नव्हता, तरी ते दाखवावे लागतेच.

आता बेरीज ऐका. पगार ३,००,००० आणि ४,९०,०००, व्याज ७,०००. एकूण ७,९७,०००. वजावट जाऊन ७,४७,०००. म्हणजे सात लाखांच्या वर! कर २९,७०० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून ३०,८९० रुपये. शिवाय वेळेवर न भरल्याचे व्याज निराळे.

असे कसे झाले? हळदीकुंकवाला दोन घरी गेलेल्या मुलीला दोन्हीकडे ‘ही उपाशीच असेल’ म्हणून बशी भरून मिळावी, तसे झाले. दुसऱ्या कचेरीने फक्त आपलाच पगार मोजला. आधीच्या पगाराचा तपशील नव्या कचेरीला देण्यासाठी तेव्हा ‘१२ बी’ नावाचा फॉर्म असे. तो माझ्या हाती दिला होता. मी तो पिशवीत ठेवला आणि विसरले. चूक माझीच.

एका मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “पहिली नोकरी दाखवूच नकोस. कोण बघतंय?” खरे सांगते, क्षणभर मोह झाला. पण खात्याच्या कागदावर माझे दोन्ही पगार मी स्वतः पाहिले होते. आणि खोटे लिहून खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असे म्हणायला हात होईना. स्कूटरसाठी साठवलेले पैसे काढले आणि कर भरला. तिथेही घोटाळा होता होता वाचले. २०२३-२४ ची मिळकत, तिचे ‘निर्धारण वर्ष’ मात्र २०२४-२५! मी चुकीचे वर्ष निवडणारच होते. २०२५ च्या नव्या कायद्याने ही जोडगोळी काढून ‘कर वर्ष’ हा एकच शब्द ठेवला, हे बरे झाले. शेवटी विवरणपत्राची पडताळणी करायला पुन्हा ओटीपी, पुन्हा आई. ही पडताळणी तीस दिवसांत केली नाही, तर भरलेले न भरल्यासारखेच होते.

शेवटचा आकडा वाचून झाल्यावर आई हळूच म्हणाली, “अगं, माझ्या नावावर असं काय काय आहे, ते मलाही दाखवशील का?”

गणपतीला घरी गेले तेव्हा आम्ही दोघी बसलो. आजीने आईला दिलेल्या पैशांच्या ठेवीवर त्या वर्षी ५२,००० रुपये व्याज झाले होते, आणि बँकेने दहा टक्के, म्हणजे ५,२०० रुपये, कापून सरकारात भरले होते. आईला दुसरी मिळकत नाही. तिला कर लागूच नव्हता. मुदत टळली होती, पण ३१ डिसेंबरपर्यंत उशिराने भरता येत होते, आणि मिळकत करमर्यादेखाली असल्याने विलंबशुल्कही नव्हते. आईने जन्मातले पहिले विवरणपत्र भरले, आणि ५,२०० रुपये तिच्या खात्यात परत आले. आधीच्या वर्षांची मुदत मात्र निघून गेली होती.

बाबा रागावले नाहीत, पण त्यांना वाईट वाटले. म्हणाले, “मी तुमच्यासाठीच तर सगळं बघत होतो.” ते खरेच होते. त्यांनी मायेने बघितले. आम्ही दोघींनी मात्र कधी विचारलेच नाही.

भगिनींनो, दर आणि फॉर्म वर्षावर्षाला बदलतात. माझे आकडे त्या एका वर्षाचे आहेत. पण आज घरी गेल्यावर एवढे पाहा: आपले पॅन कुठे आहे, आधारला कोणाचा मोबाईल जोडला आहे, आपल्या नावावर कोणती ठेव आहे आणि तिच्यावर कर कापला जातो का. लेकीने नोकरी बदलली असेल, तर आधीचा पगार नव्या ठिकाणी कळवलास का, हेही विचारा. समजले नाही तर जाणत्याला विचारावे. त्यात कमीपणा नाही. मी ३० जुलैच्या रात्रीपर्यंत थांबले, तेवढे मात्र करू नका.

माझी स्कूटर वर्षभर लांबली. आई आता दर जुलैत मलाच आठवण करते, “झालं का गं तुझं भरून? माझं झालं!”