परसातील पाखरे आणि वाडीकराची उमेद

परसदारी अधिवास राखणे, म्हणजे घरामागच्या जागेत स्थानिक झाडे, पाणी, पातेरा आणि आडोसा यांची अशी निगा ठेवणे की रानपाखरांना तेथे खाणे, निवारा आणि वीण या तिन्ही गोष्टी साधाव्यात, हा विचार रायगडच्या किनाऱ्याला नवा नाही. सासवण्यापासून रेवदंड्यापर्यंत पसरलेल्या अष्टागरातील वाडी, तिच्यातील नारळी-पोफळी, पाट, डोण आणि कुंपणाची अडुळसा-जास्वंद ही मुळात अशीच जागा आहे. अष्टागराचा इतिहास या श्रोतृवर्गाला मुखोद्गत असल्याने तो येथे गृहीत धरला आहे.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की वाडी राखणाऱ्याची उमेद टिकवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन पक्षिनिरीक्षण हे आहे, कारण झाड आपले उत्तर फार उशिरा देते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि ज्यांनी पुन्हा रोपे लावली त्यांना नारळ-सुपारी हाती लागण्यासाठी पाच-सात वर्षे थांबणे भाग होते. एवढा काळ नुसते शिंपणे करीत राहणे माणसाला खचवते. शिंपी पक्षी मात्र कुंपणातल्या एखाद्या रुंद पानाच्या कडा कापसाच्या आणि कोळिष्टकाच्या धाग्यांनी शिवून त्यात घरटे करतो, त्याला मोठे झाड लागत नाही. एक-दोन पावसाळ्यांत वाढलेले झुडूपही त्याला पुरते, आणि ते घरटे ज्याच्या दृष्टीस पडते त्याला आपल्या कष्टाचा पहिला हिशेब तेथेच मिळतो.

याचा थोर दाखला याच किनाऱ्यावरील किहीमचा आहे. सालिम अली १९३० मध्ये बर्लिनहून, एर्विन श्ट्रेझेमान या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील त्यांचे मार्गदर्शक-व्याख्यात्याचे पद निधीअभावी रद्द झालेले होते. दुसरी योग्य नोकरी मिळेना, म्हणून ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला राहावयास आले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती आणि हाती वेळ होता. सुगरणीचे घरटे नर विणतो. भाताच्या किंवा माडाच्या पात्याला तो चोचीने कडेशी खाच पाडतो, ते टोक धरून उडतो, आणि उडण्याच्या ओढीनेच लांब धांदोटी निघते. अशा धांदोट्यांचे आधी कडे, मग वरचा घुमट तयार होतो. या अर्धवट टप्प्याला अभ्यासक शिरस्त्राण-अवस्था म्हणतात, आणि याच टप्प्यावर घरट्याच्या आत ओल्या मातीचे गोळे थापले जातात. मग नर घरट्याला लोंबकळून पंख फडफडवत ओरडतो, मादी येते, आत शिरून पाहणी करते आणि पुष्कळदा नापसंत करून निघून जाते. (येथे सभागृहाच्या डाव्या बाजूला, भगिनीवर्गात, जो हशा पिकला तो अगदी रास्त होता.) पसंती मिळाली तर नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पूर्ण करतो, मादी एकटी अंडी उबवते, आणि नर शेजारीच नव्या घरट्याला लागतो. एकामागून एक माद्यांशी जोडी जमवण्याची ही रीत सालिम अलींनी किहीमच्या निरीक्षणांतून उलगडली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातील त्यांच्या निबंधाने त्यांचे नाव झाले, आणि नोकरी गेलेल्या माणसाला जन्माचे काम मिळाले. हा प्रसंग योजनेपेक्षा लांबला हे मान्य. परंतु रायगडच्या किनाऱ्यावर बोलताना तो आटोपता घेणे अन्यायाचे झाले असते.

मागच्या रांगेतून आलेला आक्षेप गंभीर आहे. वाडी पोटासाठी असते; पातेरा ठेवला तर साप येतात, मेलेला माड उभा ठेवला तर गेंड्या भुंगा वाढतो, असे बागाईतदार म्हणतात, आणि भुंग्याबाबत त्यांचे म्हणणे पूर्ण खरे आहे. कुजणारे माडाचे खोड आणि उघडा शेणखताचा ढीग हीच त्या किडीची जन्मस्थाने असल्याने मेलेला माड हलवलाच पाहिजे. पातेराही घराच्या पायरीपासून दूर, वाडीच्या मागल्या कोपऱ्यात असावा. तेथे तो उकरीत भक्ष्य शोधणारा कस्तूर आणि पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग यांना त्यातच खाणे मिळते. सरसकट झाडून काढलेली वाडी नीटनेटकी दिसते, परंतु ती मुकी असते, आणि या मतापासून ढळण्याचे काहीही कारण प्रस्तुत वक्त्याला दिसत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली असल्याने फणसाडचे धनेश आणि खाडीवरचे पाहुणे पक्षी वगळावे लागत आहेत. तांबटाविषयी तेवढे सांगणे अगत्याचे आहे. हा हिरवा, कपाळावर तांबडा ठिपका असलेला पक्षी शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या वाळक्या, मऊ फांदीत स्वतः ढोली कोरतो, आणि त्याने सोडलेली ढोली पुढे इतर पाखरांच्याही उपयोगी पडते. म्हणून यंदाच्या छाटणीत, घरावर किंवा वाटेवर पडण्याचे भय नसेल तेथे, अशी एक फांदी राखावी. आणि कुंपणाला कोयता लावण्याआधी आत घरटे नाही याची खात्री करून घ्यावी, निदान भाद्रपद सरेपर्यंत तरी.