लघवीची घाई



एसटी स्टँडवर उतरताच ज्यांची नजर आधी बायकांची मुतारी शोधते, लग्नाला जायचं म्हणून ज्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. घराचं कुलूप उघडताना किंवा नळाचा आवाज कानी पडताच लघवीला अशी जोरात लागते की संडासापर्यंत पोहोचणं कठीण. दिवसातून आठापेक्षा जास्त फेऱ्या, रात्री झोपमोड. दवाखान्यात गुडघेदुखी सांगून होते, बीपी सांगून होतं, पण हे ओठांवर येत नाही. 'वयच झालं आता' म्हणून घरातही विषय मिटतो. वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरं, पण तो निमूट सोसायचा नसतो.

मूत्राशय भरत असताना त्याचा स्नायू सैल राहायला हवा. इथे पिशवी अर्धीही भरलेली नसताना तो आवळतो. जंतुसंसर्ग, मधुमेह, खडा यांतही अशीच लक्षणं दिसतात, म्हणून आधी लघवी आणि साखर तपासून घ्यायची. खोकताना-शिंकताना लघवी सुटते तो प्रकार वेगळा. त्याची शस्त्रक्रिया या घाईवर चालत नाही.

पहिला इलाज गोळी नव्हे, सवय. आपण नेमकं उलटं करतो. पाणी तोडतो, त्यामुळे लघवी दाट होते आणि पिशवीला अधिकच टोचते. 'निघण्याआधी जाऊन येते' असं करत करत पिशवीला थोड्यावरच रिकामं व्हायची सवय लागते. ती मोडायची. जोरात लागली की धावू नका. जिथे असाल तिथे थांबा, बसा, आणि वारा सरताना रोखतो तसे खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळा. जोर ओसरतो. मग सावकाश जा. आज दहा मिनिटं थांबलात, तर पुढच्या आठवड्यात पंधरा, असं करत दोन फेऱ्यांमधलं अंतर तीन तासांपर्यंत न्या. किमान सहा आठवडे चिकाटी हवी. पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही आणि बहुतेक जणी तिथेच सोडतात.

हे स्नायू आवळण्याचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली मांडला. दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ वेळा, तीन महिने. चहा-कॉफी कमी करा, बद्धकोष्ठ राहू देऊ नका, वजन जास्त असेल तर उतरवा.

एवढ्याने भागलं नाही तर गोळ्या आहेत. सॉलिफेनॅसिनसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. साठी-सत्तरीतल्या बायकांनी स्मरणशक्तीवरच्या परिणामाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. मिराबेग्रॉन या दुसऱ्या गोळीने तोंडाची कोरड आणि बद्धकोष्ठ कमी, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. पाळी गेलेल्यांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाचा उपयोग होतो. त्यापुढे पायाच्या घोट्याजवळच्या नसेला सौम्य विजेची उत्तेजना देतात किंवा मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन. इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं.

तेव्हा उद्यापासून तीन दिवस एका वहीत लिहा: किती प्यायलात, कितीदा गेलात, कधी सुटली. बोलायला संकोच वाटला तर ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवा. लघवीतून रक्त दिसलं तर मात्र वहीसाठी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.