एका चाकावरची शिदोरी

(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती शिदोरी देण्याची रीत जुनी आहे. ती किती द्यावी, हे मात्र बहुधा देणाऱ्याची माया ठरवते. नेणाऱ्याच्या खांद्याला कोणी विचारत नाही.

खांद्याचा हा हिशेब काटेकोरपणे शिकवणारी एक स्पर्धा जून २००८ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात झाली. ‘राइड द लॉब्स्टर’ हे तिचे नाव. कोकणात ज्याला शेवंड म्हणतात, त्यासाठी तो किनारा प्रसिद्ध आहे. नैर्ऋत्य टोकाच्या यारमथ बंदरापासून केप ब्रेटन बेटावरील बॅडेक गावापर्यंतचे सुमारे ८०० किलोमीटर अंतर पाच दिवसांत एकचाकी सायकलवरून कापायचे होते. संघात तीन स्वार आणि एक मदतनीस. रस्त्यावर एका वेळी एकच स्वार. उरलेले पुढच्या बदलाच्या जागी त्याची वाट पाहणार.

लांब पल्ल्याच्या एकचाकीचे चाक सहसा ३६ इंच व्यासाचे असते. तिला साखळी नसते. पेडलचा दांडा थेट चाकाच्या आसाला जोडलेला असतो. पायांचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, आणि त्यात अंतर कापले जाते तीन मीटरांहूनही थोडे कमी. या हिशेबाने ८०० किलोमीटरांसाठी साध्या चाकाला पावणेतीन लाखांहून अधिक फेरे घ्यावे लागतात. काहींच्या चाकात गिअर असतो, त्यामुळे फेरे कमी होतात; पण पायांना विसावा कोणालाच नसतो. उतारावरही पाय फिरतच राहतात.

अशा वाहनावर सामान बांधायचे कुठे? दुचाकीवर शरीराचा काही भार हातांवर जातो. येथे जवळजवळ सगळा भार आसनावर येतो आणि पाठीवरची पिशवी त्यात भर घालते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. त्यामुळे जाणता स्वार पुढच्या बदलापर्यंत पुरेल एवढेच पाणी घेतो. पाणी कमी पडले तर शक्ती संपते, जास्त झाले तर आसन सोसवत नाही. या दोहोंच्या मधली अरुंद वाट त्याला सरावातूनच सापडते.

म्हणून निघण्यापूर्वी सामानाचे तीन ढीग करावे लागतात. पहिला अंगावरचा. हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड आणि मनगटाला आधार देणारे हातमोजे त्यात येतात, कारण तोल गेला की हात आधी जमिनीकडे धावतात. गादीची अर्धी विजार आणि कातडी सोलवटू नये म्हणून मलम, हेही हवेच. जूनमध्येही अटलांटिकवरून धुके आणि गार पाऊस येतो, म्हणून घडी करून खिशात मावेल असे पावसाळी जाकीट. शेजारच्या खिशात केळे किंवा मूठभर खजूर.

दुसरा ढीग वाहनातला. ३६ इंची ट्यूब वाटेवरच्या दुकानात मिळेलच असे नाही. त्यामुळे जादा ट्यूब आणि टायर बरोबरच हवेत. पंप, पंक्चरचे साहित्य, पाने, एक सुटे आसन. डाव्या पेडलची आटी उलटी असते. घाईत चाक उलट्या बाजूने बसवले गेले, तर फेऱ्यागणिक पेडले सैल होत जातात. दांड्यावर डाव्या-उजव्याची ठळक खूण केलेली असली, तर भर पावसात, थकल्या हातांनीही ही चूक होत नाही. तिघांच्या पिशव्या वेगळ्या, त्यांवर नावे, आणि सर्वांत वर कोरडे मोजे. वस्तू बरोबर असणे पुरेसे नाही. हात घालताच ती सापडली पाहिजे.

तिसरा ढीग घरी ठेवण्याचा, आणि तोच सर्वांत अवघड. नवे कोरे बूट, कधी न चाखलेले शक्तिवर्धक खाद्य, ‘असू द्या, लागेल’ म्हणून उचललेले सगळे त्यात जाते. लांबच्या सरावात जे वापरले नाही, ते स्पर्धेत न्यायचे नाही. आणि ज्याला मुळीच वजन नाही असे सामान एकच: सराव. कसे पडावे आणि पडून पुन्हा कसे चढावे, हे कोणत्याही पिशवीत भरता येत नाही.

या संघातला चौथा माणूस पालकांनी विशेष लक्षात ठेवावा. तो वाहन पुढे नेतो, पाणी भरून ठेवतो, रस्त्याकडे डोळे लावून थांबतो. स्वार डगमगताना दिसला तरी आसन धरायला तो धावू शकत नाही. धरले तर तो प्रवास स्वाराचा राहत नाही. त्याची सारी माया आदल्या रात्रीच्या बांधाबांधीत खर्च झालेली असते.

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावे, असे सुचवले. वह्या-पुस्तके तराजूत घालता येतात. घराच्या अपेक्षा घालता येत नाहीत. ‘असू द्या, लागेल’ म्हणत एक शिकवणी, एक वर्ग, एक परीक्षा अशी भर पडत जाते आणि तो भार शेवटी त्याच एका आसनावर येतो. महाराष्ट्रापासून दूर वाढणाऱ्या मुलाला तर घरची, गावची आणि देशाची अशा अनेक भाषांचा तोल सांभाळायचा असतो. त्यात मराठी हे ओझे ठरू नये. रोजच्या बोलण्या-वाचण्याने ती सरावासारखी अंगात मुरावी, म्हणजे तिचे वजन लागत नाही.

स्पर्धा जिथे संपली, त्या बॅडेकजवळ दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे घर आहे. पेशाने ते कर्णबधिरांचे शिक्षक होते. दूर गेलेल्याचा आवाज घरी पोहोचवण्याची सोय त्यांनी करून ठेवली. आज या मांडवात बसलेल्या कित्येकांना आईवडिलांनी असेच हलक्या हाताने निरोप दिले आणि मग फोनची वाट पाहिली. पुढच्या पिढीची शिदोरी बांधताना त्यांनी तो हलकेपणा विसरू नये, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षात शाळेची अपेक्षा आहे.