कंपासपेटीचा ठेका
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे’ अशी करून दिली. ती खरीच आहे, पण नोकरीबद्दल मी बोलणार नाही. थोड्या वेळाने आपण आपलं जुनं स्वागतगीत ऐकणार आहोत. त्यात तबला नाही, ढोलकी नाही, कॉम्प्युटरमधले तयार ड्रमही नाहीत. ठेका धरलाय तो तुमच्या-माझ्या घरातल्या वस्तूंनी. तो कसा जमला, तेवढंच सांगते. समितीने सात मिनिटं दिली आहेत आणि सर समोरच बसलेत, त्यामुळे वेळ पाळावी लागेल.

ड्रमचे तयार आवाज विकत मिळतात, हजारोंनी. चांगले असतात, पण तेच आवाज सगळीकडे. मला आपल्या गाण्यात आपला ठोका हवा होता. म्हणून जूनमध्ये ग्रुपवर टाकलं, घरातली कुठलीही वस्तू वाजवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पाठवा. फक्त पंखा बंद करा. आवाज भरपूर आले. पंखा कुणीही बंद केला नव्हता.

ड्रमसेटमध्ये मुख्य आवाज तीन. खालचा जाड ‘धम्म’, मधला ‘टाक’ आणि वरचा बारीक ‘छिक्’. धम्म माठातून काढला. रिकाम्या माठाच्या तोंडावर रबरी चपलेचा तळ अलगद मारला की आतली हवा दाबली जाते, उसळते आणि छातीत घुमेल असा आवाज येतो. छिक् आला सुपात ज्वारी पाखडण्यातून. आणि टाक म्हणजे अर्थात कंपासपेटी!

इथे जरा थांबते. ड्रमसेटमधल्या स्नेअरच्या खालच्या बाजूला तारा ताणलेल्या असतात. वर काठी पडली की त्या थरथरतात, म्हणून त्याचा ठोका नुसता वाजत नाही, फर्रर्र करतो. आपल्या पत्र्याच्या कंपासपेटीत हेच काम कर्कटक, गुण्या आणि कोनमापक करायचे. पेटी रिकामी करून वाजवा, नुसता पत्रा वाजेल. मागच्या बाकांवर हे विज्ञान कुणी शिकवलं नव्हतं. बाई, तुम्ही वर्गाबाहेर गेलात की त्याचं प्रात्यक्षिक चालायचं, हे इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नसावी.

कळशीचा आवाज एका मैत्रिणीने पाठवला, तो ऐकून मी बराच वेळ नुसती बसले होते. कळशीत पाण्याची धार पडत असते तेव्हा आतली हवेची जागा कमी होत जाते आणि आवाज चढत जातो. टँकरच्या रांगेत आपल्या आया एकमेकींशी बोलत असायच्या, कळशीकडे बघायच्याही नाहीत, आणि भरत आली की बरोब्बर हात घालायच्या. आता गंमत बघा, तीच कळशी बाहेरून टिचकीने वाजवली तर पाणी वाढेल तसा आवाज उतरतो, कारण पत्र्याला आता पाणीही हलवावं लागतं. मी माझ्या स्वयंपाकघरात वाटीवाटीने पाणी ओतून तीन कळशा गाण्याच्या सुरात लावल्या. त्या पाण्याने नंतर कुंड्या भिजवल्या. बीडची सवय.

ही युक्ती माझी नाही. पिएर शेफर नावाच्या फ्रेंच रेडिओतल्या इंजिनिअरने १९४८ मध्ये आगगाडीच्या आणि स्वयंपाकाच्या भांड्यांच्या आवाजांतून संगीतरचना केल्या. राहुलदेव बर्मन यांनी १९७३ च्या ‘यादों की बारात’साठी काचेचा ग्लास किणकिणवला, १९७५ च्या ‘शोले’साठी बाटल्यांत फुंकर घातली. आणि आपल्याकडे जातं होतंच. १९९६ मध्ये, म्हणजे आपण दहावीत होतो तेव्हा, हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या गटाने माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, ऐका. आपण इथे प्रमेयं पाठ करत होतो आणि थोड्या अंतरावर हे चाललं होतं.

आता शेवटचा आवाज. कंपासपेटी सगळ्यात चांगली वाजवायची ती माझ्या बाकावरची मैत्रीण. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर कारखान्यावर जायची आणि पाडव्याच्या आसपास परत यायची. हजेरीत तिचं नाव येई, उत्तर नसे, बाई पुढचं नाव घेत. नववीत ती गेली ती वर्गात परत आली नाही. आपल्या दहावीच्या फोटोत ती नाही, ग्रुपमध्येही नव्हती. ऑगस्टमध्ये तिच्या भावाकडून नंबर मिळाला. म्हणाली, “अगं, माझ्याकडं काय आहे वाजवायला? भाकऱ्या करायलेय, तेच घे.” आणि काठवटीवर भाकरी थापल्याचा आवाज पाठवला. एकोणीस सेकंद. ओल्या पिठावर तळहाताची थाप. विकतच्या ड्रममधली टाळी त्यापुढे अगदीच कोरडी वाटते.

कॉम्प्युटरमध्ये सोय असते, ठोका थोडा मागेपुढे पडला तर तो आखलेल्या रेषेवर नेऊन बसवतो. तिची थाप मी तशी बसवून पाहिली. ठेका बिनचूक झाला, भाकरी मात्र ऐकू येईना. ती सुरुवातीला सावकाश थापते, भाकरी पसरत जाते तसा हात घाई करतो आणि फिरवताना किंचित थांबतो. मग उलटं केलं. तिची थाप आहे तशी ठेवली आणि माठ, सूप, कळशा, कंपासपेटी सगळं सरकवून तिच्या हाताबरोबर आणलं. या कामाला तीन रविवार लागले. गाणाऱ्यांनीही कुरकूर केली, लय धावते म्हणून. धावू दे म्हटलं.

आज ती आलेली नाही. हंगाम सुरू झालाय, ती फडात आहे. स्मरणिकेत आपल्या तुकडीची नावं छापली आहेत, ती दहावीच्या हजेरीपटावरून. समितीला माझी विनंती आहे, पुढच्या वेळी यादी आठवीच्या हजेरीपटावरून करावी. सर, तो पट शाळेत असेलच.

गाणं सव्वातीन मिनिटांचं आहे. सुरुवात कंपासपेटीने होते, दुसऱ्या कडव्यापासून भाकरी येते. मागे एक ट्रॅक्टर ऐकू येईल, तो मी काढलेला नाही. साउंडवाले दादा, लावा.